दोन बल्बांची भट्टी

जळालेली मोटर घेऊन आलेला माणूस दुकानात पाऊल टाकताच काय बोलणार, हे मला चाळीस वर्षांत पाठ झालं आहे. "मिस्त्री, म्या काय बी केलं न्हाई, आपोआप बंद पडली." कोरड्या विहिरीवर दोन तास फिरवलेली असो, नाहीतर फ्यूजच्या जागी सायकलच्या ब्रेकची तार बांधलेली असो, मोटर कायम आपोआपच बंद पडलेली असते. माझा स्वभाव तापट. सुरुवातीला मी भांडायचो, दोनचार गिऱ्हाइकं त्यातच गेली. मग बायकोनं समजावलं की मोटर उघडल्यावर सगळं दिसतंच तुम्हाला, तोंड कशाला चालवता. तेव्हापासून मी मान हलवतो आणि पाना हातात घेतो.

मी नांदेडचा. आयटीआय झाल्यावर तिथल्याच एका उस्तादांकडं वाइंडिंग शिकलो. उस्ताद शिव्या दखनी उर्दूत द्यायचे आणि काम मराठीत समजावून सांगायचे, त्यामुळं दोन्ही नीट कळायचं. धंदा काय आहे ते थोडक्यात सांगतो. मोटरच्या पोटात तांब्याच्या तारेचे वेढे असतात. तार जळाली की जुनी तोडून काढायची, तेवढ्याच जाडीची, तेवढ्याच वेढ्यांची नवी बसवायची. हे कुणालाही वर्षभरात जमतं. खरं काम त्याच्या पुढचं. नव्या वेढ्यांवर वार्निश ओततात आणि भट्टीत भाजतात. भाजलं की वार्निश दगडासारखं होतं आणि तारेला तार हलू देत नाही. कच्चं राहिलं तर मोटर फिरताना आतली तार थरथरते, एकमेकीला घासते आणि कधीतरी ठिणगी पडते. उस्ताद प्रत्येक मोटरीच्या खाचेत, अगदी आतपर्यंत, नख रुतवून बघायचे. नख रुतलं तर मोटर परत भट्टीत. गिऱ्हाईक बाहेर कितीही बोंबलो.

लातूर जिल्हा झाला आणि मी बिऱ्हाड लातूरला हलवलं. नव्या जिल्ह्याची ऑफिसं भाड्याच्या घरांत, कुठं गोदामांत भरत होती. साहेब नवे, खुर्च्या नव्या, पंखे मात्र कुठल्या कुठल्या जुन्या ऑफिसांतून आणलेले. ते सगळे माझ्याकडं यायचे. एक गिऱ्हाईक तर विसरूच शकत नाही. आपल्या मोटरीतलं तांबं मी चोरीन या भीतीनं तो तीन दिवस भाकरी बांधून आणून माझ्या बाजूला बसला. एकेक वेढा मोजला. चौथ्या दिवशी कंटाळून स्वतःच एक गुंडाळी भरू लागला, आणि पुढच्या वर्षी त्यानं माझ्यासमोरच वाइंडिंगचं दुकान टाकलं. त्याची पाटी माझ्या पाटीच्या दुप्पट होती. आम्ही अजून एकमेकांकडं चहा पितो.

पण मला आज हसायचं लिहायचं नाही.

नवा जिल्हा झाला त्याच्या मागोमागच पाण्यानं तोंड फिरवलं. दोन पावसाळे असेच गेले. विहिरी तळाला गेल्या की मोटरी जळतात, हे आमच्या धंद्याचं गणित. लोक पाण्यासाठी रडत होते आणि माझ्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. त्याची लाज वाटायची, तरी काम करत राहायचो. लाईट दिवसातून सहा तास, सकाळी दहा ते दुपारी चार. भट्टी त्या सहा तासांतच चालवायची. माझी भट्टी म्हणजे पत्र्याचं एक जुनं कपाट, त्यात दोनशे वॅटचे आठ बल्ब. मोठी मोटर पक्की भाजायला आठही बल्ब आणि पुरे सहा तास लागायचे. म्हणजे दिवसाला एकच मोटर. बाकीच्यांनी वाट बघायची.

एप्रिलच्या शेवटी एका सरकारी ऑफिसातले बिराजदार साहेब जीपमधून उतरले. हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेलं काहीतरी, लहान लेकराला धरावं तसं दोन्ही हातांनी धरलेलं. टेबलावर ठेवून टॉवेल उलगडला. आत खेळण्यातलं रेल्वेचं इंजिन. खेळणं म्हणतो खरं, पण दीड वीत लांब, किलोभर वजनाचं, ओतीव धातूचं. काळं अंग, लाल पट्टी, चाकांना जोडणारे दांडे अगदी खऱ्यासारखे. साहेबांचे वडील निजामाच्या रेल्वेत सिकंदराबादला होते. मायदेशी परतणाऱ्या कुणा इंग्रज अधिकाऱ्यानं ते त्यांना दिलं होतं.

"महाराष्ट्र दिनाला प्रदर्शन आहे," साहेब म्हणाले. "नव्या जिल्ह्याचा मोठा नकाशा केलाय, तालुके, तलाव, सगळं. त्याच्याभोवती ही गाडी फिरणार. मंत्री येणार आहेत. काल चालवून पाहिली तर धूर निघाला. सोमवारी सकाळी मला चालती पाहिजे, कांबळे."

दिवस शुक्रवारचा होता. मी म्हणालो, "साहेब, दुकानात पाण्याच्या मोटरी आहेत."

"पाण्याच्या मोटरी रोजच असतात," साहेब म्हणाले. वाईट माणूस नव्हता. वडिलांच्या आठवणीनं बोलत होता. जाताना त्यानं एवढंच सांगितलं की कलेक्टर कचेरीची नवी इमारत होतेय, वाइंडिंगचं वर्षाचं काम कुणाला द्यायचं ते अजून ठरायचं आहे. एवढ्यावर मी विरघळलो. माझ्यासारख्या गल्लीतल्या पोराच्या नावाची पाटी कलेक्टर कचेरीत लागेल, असं मनात आलं. नांदेडला जाऊन उस्तादांना सांगावं, असंही आलं.

त्याच संध्याकाळी भीमराव आला. अहमदपूरकडच्या एका गावात पाणीपुरवठ्याची मोटर चालवायचा. पंचायतीनं ठेवलेला माणूस, वय तिशीचं, हडकुळा. आमच्याच समाजातला. मोटर एसटीच्या टपावर घालून आणली होती आणि स्टँडपासून दुकानापर्यंत डोक्यावर.

"जय भीम, मिस्त्री."

"जय भीम. जळाली का?"

"हाव. आख्ख्या गावाची एकच हाय. टाकी कोरडी पडलीय." त्यानं डोक्यावरची चुंबळ काढली आणि खाली बसला. "लोकं विहिरीत उतरून राहिले. आमच्या गल्लीतल्यांनी विहिरीवर जायचं म्हणलं की पंचाईत. कोणी अडवत न्हाई आता तसं. नुसतं म्हणतात, थांबा जरा, आमचं होऊ द्या. अन् त्यांचं होतच न्हाई. नळ चालू असला की कुणाच्या तोंडाकडं बघायचं काम न्हाई. शेवटचा का होईना, नळ आमच्या गल्लीत हाय."

दुसऱ्या गिऱ्हाइकांचं ते ठरलेलं पहिलं वाक्य तो बोलला नाही, हे मला आवडलं. मी म्हणालो, "उद्या दुपारी चारला ये. मोटर घेऊन जा."

त्याच संध्याकाळी, अंधार पडायच्या आत मी त्याची जुनी तार काढली. शनिवारी पहाटे उठून नऊपर्यंत नवी भरली, वार्निश ओतलं. इतकं नेटकं काम मी आयुष्यात पाच-सात वेळाच केलं असेल, एकही वेढा वाकडा नव्हता. मग साहेबांच्या इंजिनाकडं वळलो.

इंजिनाच्या धुराड्याखाली एकच स्क्रू होता. तो काढला की वरचं कवच सुटायचं. आत उघडी मोटर, नालेसारखं चुंबक आणि त्याच्यामध्ये सुपारीएवढा फिरणारा आर्मेचर, तीन दातांचा. तिन्ही दातांवरची तार काळी कुळकुळीत. केसासारखी तार. मी चष्मा लावून, श्वास धरून ती भरली. माझे हात पाच हॉर्सपॉवरच्या मोटरींचे, आणि तरी ते जमलं म्हणून मी स्वतःवरच खूश झालो.

दहाला लाईट आली. आर्मेचर भट्टीत घालायचा होता, पण त्याच्या एका टोकाला जुन्या फायबरची चकती होती. आठ बल्बांच्या आचेत ती वाकडी झाली असती. तिला दोनच बल्ब सोसले असते. आणि भीमरावच्या मोटरीला आठ पाहिजे होते. कपाट एक, लाईट चारपर्यंत.

आता मी जे केलं ते सरळ सांगतो. सहा बल्ब काढले. दोन ठेवले. आर्मेचर वरच्या फळीवर आणि भीमरावची मोटर खालच्या फळीवर, अशा दोन्ही वस्तू एकत्र आत ठेवून दार लावलं. मनाची समजूत अशी घातली की उन्हाळ्याचे दिवस आहेत, पत्रा बाहेरूनही तापतोय, सहा तासांत होईल. होणार नाही हे मला ठाऊक होतं. साहेबांचा आर्मेचर रविवारी भाजता आला असता, पण मग जोडणी, चाचणी, सगळं सोमवारवर गेलं असतं आणि माझी तारांबळ झाली असती. भीमरावला रविवारी ये म्हणता आलं असतं. तेही म्हटलं नाही, कारण त्याला चारची वेळ देऊन बसलो होतो आणि दिलेली वेळ पाळणारा म्हणून माझं नाव होतं.

चारला तो दारात उभा. मी मोटर काढली. वार्निशवर दुधावरच्यासारखी साय धरली होती, चकाकत होती. दिव्याची टेस्ट घेतली, ती बरोबर आली. आत नख रुतवून बघितलं नाही. बघितलं असतं तर सोडता आली नसती. भीमरावनं मोटर डोक्यावर घेतली आणि स्टँडकडं जवळजवळ पळतच गेला.

रविवारी इंजिन जोडलं. ट्रान्सफॉर्मरवर लावलं, अर्धं मिनिट फिरलं, आणि हाताला चटका बसेल इतकं तापून थांबलं. मी गार झालो. मग ज्या गोष्टीकडं आधी बघायला पाहिजे होतं तिकडं बघितलं. चुंबकाला टाचणी लावली. टाचणी धड चिकटेना. इतक्या वर्षांत चुंबकातला जोरच गेला होता. या मोटरीवर कसलीही नवी तार घातली तरी ती तापणारच होती. म्हणजे आर्मेचर भरणं फुकट, भट्टी फुकट. टाचणी लावायला दोन पळं लागतात. ती मी शुक्रवारी लावली असती तर शनिवारी आठही बल्ब भीमरावचे होते.

आता पूर्ण मोटरच बदलायला पाहिजे होती. गोलाईच्या बाजारातल्या टेप दुरुस्तीवाल्याला रविवारी दुपारी झोपेतून उठवलं आणि कॅसेट टेपची एक जुनी मोटर आणली. तिच्यात एक अडचण असते. गाणं एका वेगानं वाजावं म्हणून आत वेग बांधून ठेवणारी एक छोटी पट्टी असते. गाडीला तर हळू सुटायला, जोरात धावायला, उलटं फिरायला पाहिजे. मोटर फोडून पट्टी काढून टाकली, तारा सरळ जोडल्या. मोटरीचा दांडा बारीक आणि इंजिनाच्या पितळी गिअरचं भोक मोठं. पेनाच्या रिफिलचं पितळी टोक कापून मध्ये बसवलं, ते बरोबर अडकलं. कवचाच्या आतून कानशीनं घासून जागा केली. नवी मोटर हलकी होती, त्यामुळं चाकं रुळावर जागच्या जागी गरगरायची, गाडी पुढं सरकायची नाही. म्हणून कवचात शिशाचे दोन तुकडे बसवले. संध्याकाळी लाईट नव्हती म्हणून बॅटरीवर लावलं, तर इंजिन टेबलावरच्या रुळावर असं सुटलं की शेजारपाजारचे गोळा झाले. एकानं शिट्टीही वाजवली.

प्रदर्शनात मीही गेलो होतो, इस्त्रीचा शर्ट घालून. मांडव भरला होता. नकाशावर तलाव निळ्या रंगानं रंगवले होते, एकही तलाव रिकामा दाखवला नव्हता. मंत्र्यांसमोर गाडी दोन फेऱ्या फिरली. त्यांनी मान डोलावली आणि पुढच्या टेबलाकडं गेले. बिराजदार साहेबांचे डोळे भरून आले होते. त्यांनी माझा हात हातात घेतला. कलेक्टर कचेरीचं काम पुढं मला मिळालंही. बारा वर्षं केलं.

प्रदर्शनानंतर आठदहा दिवसांनी भीमराव पुन्हा दारात. डोकं भादरलेलं. मोटर या वेळी सरपंचाच्या ट्रॅक्टरमधून आणली होती. मी काही विचारायच्या आधी तोच बोलू लागला, एका सुरात, जमिनीकडं बघत.

मोटर तीन दिवस चालली. चौथ्या दिवशी व्होल्टेज कमी होतं, दिवा तांबडा जळत होता. अशा वेळी मोटर बंद ठेवायची, हे त्याला ठाऊक होतं. पण बाकीचे तीन नळ भरून झाले होते आणि शेवटचा, त्याच्या गल्लीतला, नुकता सुटला होता. त्यानं अजून दहा मिनिटं चालू ठेवली. मोटर जळाली. दुसऱ्या दिवशी सगळं गाव विहिरीवर. गल्लीतल्या बायकांना थांबा थांबा म्हणता म्हणता बारा वाजले. दोरी पुरेना, तळाला हंडाभर गढूळ पाणी. त्याची बायको कांताबाई डबा घेऊन कडेच्या दगडांवरून खाली उतरत होती. दगड सुटला. अहमदपूरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत ती संपली होती.

"पंचायतीनं काढून टाकलं मला," भीमराव म्हणाला. "बरोबरच हाय. म्हणतात, आपल्या गल्लीसाठी गावाची मोटर जाळली. सासरा म्हणतो, पोरीला तू मारलंस. माझी लेक सुजाता, आठ वर्षांची, तिला घिऊन गेले ते लोह्याला." मग त्यानं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "मिस्त्री, उघडून बघा अन् खरं सांगा. माझ्यामुळंच जळाली ना?"

मी मोटर उघडली. व्होल्टेज कमी पडून जळालेली मोटर चहूबाजूंनी सारखी काळी पडते. ही एकाच खाचेत जळाली होती, तारेला तार घासून. बाकीची तार नवीच्या नवी होती. मी बोट घातलं. वार्निश बोटाला चिकटलं.

तो समोर बसला होता. एक वाक्य बोलायचं होतं. सरपंचाचा माणूस ट्रॅक्टरवर बसून ऐकत होता, समोरच्या दुकानात गिऱ्हाइकं होती, कचेरीच्या कामाचा कागद दोन दिवसांत यायचा होता. ही सगळी कारणं मी तेव्हा मोजली नाहीत, नंतर शोधली. तेव्हा मी फक्त घाबरलो होतो. बोट पँटला पुसलं आणि म्हणालो, "हं. व्होल्टेज कमी असलं की जळतेच."

"हाव," तो म्हणाला. "मलाबी तेच वाटलं व्हतं." आणि उठून गेला.

मोटर मी पुन्हा भरली, आठ बल्बांवर दोन दिवस भाजली. नंतर ती कित्येक वर्षं चालली असं ऐकलं. त्या दिवसापासून नख रुतवल्याशिवाय एकही मोटर मी हातातून सोडली नाही. याचा भीमरावला काय उपयोग झाला, ते मला विचारू नका.

त्याला सांगायला निघालो, असं पाच-सहा वेळा तरी झालं. एकदा अहमदपूरच्या स्टँडवर उतरून, उसाचा रस पिऊन परत आलो. त्याची बातमी कानावर यायची. मजुरी करतो, एकटा राहतो, लेक येत नाही. गेल्या उन्हाळ्यात दुकान मुलाच्या हवाली केलं, घरी बसलो, आणि मग मात्र बसवेना. गेलो. गल्लीच्या तोंडाशी विचारलं तर एक म्हातारा म्हणाला, "भीमराव? त्याला जाऊन तीन महिने झाले की."

सुजाताचा पत्ता तिथूनच मिळाला. हिमायतनगरला शिक्षिका आहे, चाळिशीच्या पुढची. तिच्या घरी गेलो. तिनं पाणी दिलं, मी ते घेतलं नाही, आधी सगळं सांगितलं. इंजिन, दोन बल्ब, बोटाला चिकटलेलं वार्निश, आणि तिच्या बापाला दिलेलं उत्तर. ती रडली नाही. शाळेत मुलाची चूक ऐकून घ्यावी तशी ऐकत होती.

"तुम्हाला हे कधीपासून माहीत होतं?"

"त्याच दिवसापासून."

"मी बाबांशी शेवटची बोलले तेव्हा बारावीत होते," ती म्हणाली. "आई तुमच्यामुळं गेली, असं मी त्यांना तोंडावर म्हणाले. ते म्हणाले, हाव बाई. बस एवढंच. मी त्यांच्या मातीला गेले ते पण लोक काय म्हणतील म्हणून."

मी हात जोडले. तिनं ते खाली घ्यायला लावले. म्हणाली, "माझी माफी मागू नका, मला ती देता येत नाही. गावात अजून म्हणतात, गल्लीसाठी मोटर जाळणारा. बाबांच्या नातवंडांनाही मी तेच सांगितलंय. तुम्ही लिहा. दिवाळी अंकात लिहा, छापून येईल असं. मी ते गावात नेऊन वाचून दाखवीन, विहिरीपाशी उभं राहून."

म्हणून हे लिहिलं. सुजाता, बेटा, इथून पुढचं मोठ्यानं वाच. मोटर भीमरावनं जाळली नाही. त्यानं ती दहा मिनिटं जास्त चालवली नसती तरी ती त्या आठवड्यात जळणारच होती, कारण मी ती कच्ची दिली होती. त्यानं मला खरं विचारलं होतं आणि मी खोटं सांगितलं. तो ते खोटं मरेपर्यंत खरं धरून जगला.